दाद आपल्याच दारी मिळावी

महाराष्ट्र राज्याचे माननीय मुख्यमंत्री यांसी,



पत्रास कारण की, आपल्या राज्यातील कार्यांसाठी परदेशी बँकांकडून आणि मित्रराष्ट्रांकडून जे विकासकर्ज घेतले जाते, त्याचे चीज व्हावयाचे तर त्या कार्याची मालकी घेणाऱ्याकडेच असली पाहिजे, हा सिद्धान्त आता सर्वमान्य झालेला आहे. परंतु ती मालकी खरोखर आपल्याकडे आहे याचा पुरावा कोणता, या प्रश्नाचा जितक्या गांभीर्याने ऊहापोह व्हावयास हवा तितका आपल्या दरबारी झालेला दिसत नाही. करारनाम्यावर सही कोणाची आहे एवढ्यावरून मालकी ठरत नाही. काम बिघडले, कोणाचे घर गेले, कोणाचा धंदा बुडाला, तर त्या माणसाने फिर्याद कोणाच्या दारी न्यावयाची आणि तेथे तिची दखल कितपत घेतली जाते, यावरून ती ठरते, असे माझे मत आहे. ते मत कशावरून बनले, हे सांगण्याची परवानगी असावी.

मुलुंडच्या रहिवाशास हा विषय दूरचा नाही. पूर्वेस मिठागरे व ठाण्याची खाडी, पश्चिमेस राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, आणि मधून मध्य रेल्वेचे रूळ, लाल बहादूर शास्त्री मार्ग व तानसाच्या प्रचंड जलवाहिन्या, अशा या उपनगराच्या दैनंदिन जीवनात परदेशी कर्जाचा अंश कोठे ना कोठे मिसळलेला आहे. त्याविषयी माझ्या मनात किल्मिष नाही. उसने घेऊन केलेले काम हलके असते, असे मी मानीत नाही. उलट, ज्या एका कामाविषयी मला अभिमान वाटतो, ते आमच्या शेजारीच, भांडुपच्या डोंगरपायथ्याशी उभे आहे.

१९७३ साली जागतिक बँकेच्या आंतरराष्ट्रीय विकास संघटनेने मुंबईच्या पाणीपुरवठा व मलनिस्सारण प्रकल्पास साडेपाच कोटी डॉलरचे सवलतीचे कर्ज मंजूर केले. भातसा नदीचे पाणी शहरात आणण्याची ती योजना होती आणि भांडुपचे जलशुद्धीकरण केंद्र हे तिचेच फळ. आशिया खंडातील मोठ्या केंद्रांत त्याची गणना होते, ही गोष्ट मला तितकी महत्त्वाची वाटत नाही. महत्त्वाची वाटते ती ही की, कर्जाचे हप्ते चुकते होऊन, बँकेचे अधिकारी निघून जाऊन, इतकी वर्षे लोटल्यावरही ते केंद्र अखंड चालू आहे आणि त्याचे विस्तार झालेले आहेत. याचे कारण कर्जाच्या अटींत सापडणार नाही. ते कर्ज ज्या खात्याच्या हाती पडले त्या खात्याच्या इतिहासात ते सापडते. १८६० मध्ये विहार, १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा, आणि स्वातंत्र्यानंतर १९५७ मध्ये वैतरणेवरील, पुढे अभियंता मोडक यांचे नाव धारण करणारा जलाशय, अशी परंपरा असलेल्या महापालिकेच्या जल अभियंत्यांना पाणी कसे आणावे हे वॉशिंग्टनहून शिकण्याची आवश्यकता नव्हती. पैसा अपुरा होता, तो मिळाला. काम त्यांचेच होते, ते कर्ज मिळाले नसते तरी त्यांनी आज ना उद्या केलेच असते. आणि नळाला पाणी आले नाही तर मुलुंडच्या माणसाने तक्रार कोठे करावयाची, हेही पहिल्यापासून ठरलेले होते. प्रभाग कार्यालयात तो हंडा घेऊन जाऊन उभा राही आणि नगरसेवकाला त्याला तोंड द्यावे लागे. त्या खात्याचे सर्व काही निर्दोष होते असे नव्हे. झोपडपट्ट्यांतील नळांचा प्रश्न आजही पुरता सुटलेला नाही. पण उत्तरदायी कोण, याविषयी संदेह नव्हता.

आता दुसरे उदाहरण पाहावे. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पासाठी २००२ साली जागतिक बँकेने ५४ कोटी २० लाख डॉलरचे साहाय्य मंजूर केले. कुर्ला ते ठाणे या टप्प्यातील पाचवी व सहावी मार्गिका, ज्यांच्यावरून जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या आमच्या मुलुंडच्या फलाटावरून दिसतात, त्या या प्रकल्पातील. नव्या, हवेशीर, पांढऱ्या-जांभळ्या लोकल गाड्या याच प्रकल्पातील. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याचे रुंदीकरण आणि सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता हीही त्यातीलच कामे. रेल्वेची कामे करण्यासाठी १९९९ साली मुंबई रेल्वे विकास महामंडळ स्थापन झाले, त्यात केंद्राचा वाटा ५१ टक्के आणि आपल्या राज्याचा ४९ टक्के. म्हणजे कागदोपत्री मालकीची तजवीज चोख होती.

या प्रकल्पाच्या मार्गात राहणाऱ्या लाखाहून अधिक माणसांना हलवावे लागणार होते. येथे एक गोष्ट मोकळ्या मनाने नमूद केली पाहिजे, कारण तिचे श्रेय या राज्याचे आहे. माजी मुख्य सचिव द. म. सुखठणकर यांच्या अध्यक्षतेखाली १९९५ मध्ये एक कार्यदल नेमले गेले, आणि त्याच्या शिफारशींवरून राज्य सरकारने १९९७ च्या मार्चमध्ये प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचे धोरण स्वीकारले. जागेवर कायदेशीर हक्क नसलेल्या झोपडीवासीयालाही २२५ चौरस फुटांची सदनिका विनामूल्य द्यावयाची, हे तत्त्व त्यात होते. रेल्वे रुळांलगतच्या वस्त्यांत गणना करण्याचे काम 'स्पार्क', राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ आणि महिला मिलन या संस्थांनी वस्तीतील माणसांनाच हाताशी धरून केले. जोकिन अर्पुथम यांच्यासारखा, स्वतः झोपडपट्टीत राहिलेला कार्यकर्ता सरकारच्या बैठकीत बरोबरीने बसतो आणि रुळाकडेची माणसे आपली झोपडी आपल्या हाताने उतरवून जातात, हे या शहराने पाहिलेले आहे, आणि जगातील अनेक शहरांनी त्याचे अनुकरण करण्याचा यत्न केलेला आहे.

पण रस्त्यांच्या बाजूची कथा निराळी झाली. कुर्ल्याच्या परिसरातील दुकानदार, ज्यांची संख्या व ज्यांच्या धंद्याचा व्याप आरंभी नीट मोजलाच गेला नव्हता, ते आपली कैफियत घेऊन कार्यालयामागून कार्यालये फिरले. तक्रार-निवारणाच्या ज्या समित्या होत्या, त्यांत बसणारे लोक प्रकल्प राबविणाऱ्या यंत्रणेशीच संबंधित होते. ज्याच्याविरुद्ध फिर्याद, त्याच्याच पुढे ती मांडावयाची, असा तो प्रकार. अखेरीस २००४ साली त्यांनी आणि पाठोपाठ इतर वस्त्यांतील रहिवाशांनी आपले अर्ज जागतिक बँकेच्या तपासणी समितीकडे, म्हणजे वॉशिंग्टनला, पाठविले. समितीची माणसे मुंबईत आली, वस्त्यांतून हिंडली, आणि २००५ च्या डिसेंबरात त्यांनी अहवाल दिला. मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते व पुनर्वसन या भागांचे पैसे देणे थांबविले. काही सुधारणांची हमी मिळाल्यावर जूनअखेर ते पुन्हा सुरू झाले. सांताक्रूझ-चेंबूर रस्त्याच्या बाबतीत तर २०११ मध्ये कर्जाची मुदत संपली तेव्हाही काम अपुरे होते, आणि तो वाहतुकीस खुला झाला तो २०१४ मध्ये.

महोदय, या घटनेने बँकेची अब्रू गेली की आपल्या सरकारची, हा वाद मला घालावयाचा नाही. मला सलते ती निराळीच गोष्ट. मराठी, हिंदी, उर्दू बोलणारा कुर्ल्याचा एक दुकानदार, ज्याचा आमदार विधानभवनात बसतो, ज्याचा नगरसेवक महापालिकेत बसतो, ज्याला दर पाच वर्षांनी मतदानाचा हक्क आहे, त्याला आपली दाद लागण्यासाठी सात समुद्रांपलीकडील एका बँकेचे दार ठोठावावे लागले. आणि ती समितीही, तिच्या घटनेप्रमाणे, बँकेने स्वतःचे नियम पाळले की नाही एवढेच तपासू शकत होती. आपल्या महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, आपल्या महापालिकेने, आपल्या खात्याने काय केले, याचा निवाडा करण्याचा अधिकार तिला नव्हता. म्हणजे ज्यांची मालकी असे करारात लिहिले होते, त्यांच्या वर्तनाचा न्यायनिवाडा कोठेच झाला नाही. पुढे मानखुर्द-गोवंडीच्या पुनर्वसन वसाहतींतील, नटवर पारेख व लल्लुभाई कंपाऊंडसारख्या ठिकाणच्या, एकमेकींना खेटून उभ्या राहिलेल्या इमारतींच्या खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोहोचत नाही व तेथे क्षयरोगाचे प्रमाण त्या कोंदटपणाशी निगडित आहे, असे २०१८ च्या एका अभ्यासातून पुढे आले, तेव्हा बँक या कामातून केव्हाच निघून गेलेली होती. त्या मजल्यांवर राहणाऱ्या आयांनी आता अर्ज कोणाकडे पाठवावा?

येथे थोडे मागे जाणे आवश्यक आहे, कारण ज्या समितीकडे कुर्ल्याचे लोक गेले तिच्या जन्माशी महाराष्ट्राचाच संबंध आहे. नर्मदेवरील सरदार सरोवर धरणासाठी जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले होते. बुडिताच्या छायेत आलेल्या गावांत अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली हे आपल्या राज्यातील पहिल्या गावांपैकी. तेव्हा ते धुळे जिल्ह्यात होते, आज नंदुरबारमध्ये आहे. तेथील आदिवासींच्या आणि नर्मदा बचाव आंदोलनाच्या चिवट प्रतिकारामुळे बँकेला ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र चौकशी करावी लागली, १९९२ मध्ये त्या चौकशीचा प्रतिकूल अहवाल आला, आणि त्यानंतर १९९३ च्या सप्टेंबरात बँकेने तपासणी समिती स्थापन केली. सातपुड्याच्या कुशीतील माणसांनी सोसलेल्या हालांतून जगभरच्या विस्थापितांना एक न्यायासन मिळाले, आणि अकरा वर्षांनी त्याचा उपयोग कुर्ल्याच्या माणसाला झाला, ही आपल्या इतिहासातील मोठी गोष्ट आहे. ती शाळेत शिकविली जावी असे मला वाटते.

परंतु त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने बँकेला कळविले की उरलेले कर्ज आम्हाला नको, धरण आम्ही आमच्या पैशाने बांधू. स्वाभिमानी राष्ट्राला शोभणारी ही भाषा आहे, आणि कर्ज नाकारण्याचा अधिकार आपल्याला आहेच. पण त्या नकाराबरोबर कर्जाच्या अटींतून निर्माण झालेली देखरेखही गेली, आणि तिच्या जागी तितकी स्वतंत्र अशी आपली देखरेख उभी करण्याचे काम आपण केले नाही. मणिबेलीच्या माणसाला तेव्हा न्यायालयाशिवाय दुसरे दार उरले नाही. मालकी म्हणजे परक्याने विचारू नये, एवढाच अर्थ जर आपण घेतला, तर ती मालकी सरकारची होते, प्रजेची होत नाही. आणि मदत देणाऱ्यांना आपण देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या समतेविषयी कितीही सुनावले, तरी आपल्याच घरात त्या समतेचा लवलेश उरत नाही.

याच्या उलट उदाहरणेही याच भूमीत आहेत. १९९० च्या दशकात नगर जिल्ह्याच्या अवर्षणग्रस्त भागात जर्मनीच्या पैशाने पाणलोटाचे जे काम झाले, त्याच्या मागे फादर हर्मन बाखर या स्विस धर्मगुरूची अनेक वर्षांची तपश्चर्या आणि नाबार्डची साथ होती. पण पैसा हाती पडण्यापूर्वी गावाला स्वतःची पात्रता सिद्ध करावी लागे. आधी श्रमदान करावयाचे. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी ग्रामसभेत मान्य करावयाची, आणि ही बंदी शेळ्या राखणाऱ्या भूमिहीनालाच सर्वांत जड जाते हे ध्यानात घेऊन त्याच्या चाऱ्याचा विचार गावानेच करावयाचा. पाणलोट समिती गावाने निवडावयाची. पुढील देखभालीसाठी निधी बाजूला काढावयाचा. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीचे नाव या कामामुळे दूरवर गेले. तेथे भांडणे झाली नाहीत असे कोणी म्हणणार नाही, पण ती गावातच झाली आणि गावातच मिटली, कारण बांध फुटला तर तो कोणाचा, हे प्रत्येकाला ठाऊक होते. पुढे १९९९-२००० मध्ये केंद्र सरकार आणि नाबार्ड यांनी मिळून २०० कोटींचा पाणलोट विकास निधी उभारला, म्हणजे परक्या पैशाने शिकलेले काम आपल्या पैशाने चालविण्याची सोय झाली. मदतीची परिणामकारकता मोजण्यासाठी मला याहून चांगले माप सुचत नाही.

आणि एक उदाहरण असे, की जेथे परदेशी मदत अल्प होती आणि मालकी संपूर्ण आपली. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेला तांबडा मिलो खाऊन महाराष्ट्राने दिवस काढले, हे त्या पिढीच्या जिभेला अजून आठवते. त्या धान्याने प्राण वाचले, त्याबद्दल कृतज्ञताच असावी. पण त्या दुष्काळातून महाराष्ट्र उभा राहिला तो विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातील विसापूर येथे आधीच करून पाहिलेल्या प्रयोगातून वाढलेल्या रोजगार हमी योजनेमुळे. तिच्यासाठी आपण शहरातील नोकरदारांवर व्यवसाय कर बसविला आणि तितकीच रक्कम राज्याच्या तिजोरीतून घातली. माझ्यासारख्या पगारदाराच्या वेतनातून कापला जाणारा तो कर मी कधीही नाखुशीने दिलेला नाही. १९७७ च्या कायद्याने काम मागण्याचा हक्क मजुराला मिळाला, आणि काम मिळाले नाही तर तहसीलदाराच्या कचेरीवर मोर्चा नेण्याचा नैतिक व कायदेशीर आधारही मिळाला. मोर्चे निघाले, घोटाळे बाहेर आले, वृत्तपत्रांनी झोडपले, विधिमंडळात गदारोळ झाला. आणि हा सर्व गदारोळ आपल्या राज्यातच झाला, परक्या राजधानीत नव्हे. २००५ मध्ये केंद्राने देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला, त्याचा मूळ आदर्श हाच होता.

योगायोग असा की त्याच २००५ च्या मार्चमध्ये पॅरिस येथे शंभराहून अधिक राष्ट्रांनी व संस्थांनी मदतीच्या परिणामकारकतेविषयी एक घोषणा केली, आणि घेणाऱ्या राष्ट्राची मालकी हे तिचे पहिले तत्त्व ठरविले. २००८ मध्ये आक्रा व २०११ मध्ये बुसान येथे त्याचा पुनरुच्चार झाला. दरम्यान आपल्या देशाने २००३ सालीच लहान देणगीदार राष्ट्रांना आदरपूर्वक रजा दिलेली होती, आणि आज तर आपण स्वतः शेजाऱ्यांना व आफ्रिकेतील देशांना कर्ज देतो. हे सर्व स्तुत्य आहे. परंतु या घोषणांत मालकी म्हणजे प्रायः सरकारची मालकी असेच गृहीत धरलेले असते, आणि सरकारच्या हाताखाली जो दबला जातो त्याचे काय, हा प्रश्न त्या सभागृहांत फार वेळ रेंगाळत नाही. तो येथेच सुटला पाहिजे.

हे मी आज लिहितो याचे कारण आमच्या दारातच आहे. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे काम महापालिका आपल्या पैशाने करीत आहे. राष्ट्रीय उद्यानाच्या खालून सुमारे पावणेपाच किलोमीटरचे जुळे बोगदे निघावयाचे आहेत. रस्ता आम्हाला हवा आहे. दोन उपनगरांतील जी माणसे आज वळसे घालून प्रवास करतात त्यांची त्याने सोय होईल. पण अशा प्रकल्पांसाठी ज्यांची घरे जातील त्यांनी कोठे जावे, आणि मुलुंड पूर्वेस प्रकल्पग्रस्तांसाठी सात हजारांहून अधिक सदनिका बांधण्याचा जो प्रस्ताव आला त्याचा येथील पाणी, मलनिस्सारण, शाळा व रस्त्यांवर काय भार पडेल, यावरून गेल्या काही वर्षांत जो क्षोभ झाला, त्यात दोन्ही बाजूंच्या माणसांना एकाच जागी बसवून त्यांचे म्हणणे ऐकणारे स्वतंत्र आसन नव्हते. मोर्चा काढणारा रहिवासी आणि घर गमावणारा झोपडीवासी हे एकमेकांचे शत्रू असल्यासारखे उभे ठाकले. विस्थापित कुटुंबांना मुलुंडमध्ये थारा नको असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. ती आमच्याच शहरातील माणसे आहेत. पण त्यांना विचारल्यावाचून त्यांना आणावयाचे आणि आम्हाला विचारल्यावाचून त्यांना बसवावयाचे, हे दोघांवरही अन्याय करणारे आहे. जागतिक बँकेचे कर्ज असते तर या दोघांना निदान एक पत्ता ठाऊक असता. काम आपल्या पैशाचे आहे म्हणून तोही नाही.

२०१३ च्या केंद्रीय भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांची चौकशी आवश्यक केली, हे मी जाणतो. परंतु ज्याच्या नावे सातबारा नाही आणि मालमत्तापत्रकही नाही, अशा शहरी रहिवाशास त्याचा आधार घेणे फार दुर्घट जाते.

म्हणून माझी विनंती अशी आहे. या राज्यात जे कोणते मोठे सार्वजनिक काम होईल, मग त्याचा पैसा जपानचा असो, जागतिक बँकेचा असो वा महापालिकेच्या ठेवींतला असो, त्याने बाधित होणाऱ्या माणसाची फिर्याद ऐकणारी एक कायमस्वरूपी चौकशी समिती विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन करावी. ती प्रकल्प राबविणाऱ्या कोणत्याही खात्याच्या हुकमतीखाली नसावी. तिचे कामकाज मराठीत आणि बाधितांच्या वस्तीत व्हावे. फिर्याद खरी ठरल्यास कंत्राटदाराचे पुढील देयक रोखण्याचा अधिकार तिला असावा, कारण २००६ मध्ये पैसे थांबल्यावरच हालचाल झाली हा अनुभव आपल्यापुढे आहे. तिचे अहवाल ठरावीक मुदतीत सभागृहापुढे ठेवले जावेत. आणि काम पुरे होऊन दहा वर्षे लोटेपर्यंत तिच्याकडे जाण्याचा हक्क कायम राहावा, म्हणजे मानखुर्दच्या अंधाऱ्या मजल्यावरील आईलाही तिच्यापुढे उभे राहता येईल. ज्या ज्या परदेशी कर्जात आपले राज्य भागीदार आहे, त्यांचे करारनामे अटींसह मराठीत प्रसिद्ध करण्याचा हुकूम तर आपण कायद्याची वाट न पाहताही काढू शकता.

सुखठणकर कार्यदलाचे दप्तर आपल्या मंत्रालयातच असावयास हवे. समितीचा मसुदा करण्यास आरंभ तेथून करावा. येत्या अधिवेशनात त्याविषयी सरकारचा विचार सभागृहाला कळावा, अशी अपेक्षा ठेवून हे पत्र पुरे करतो.



आपला,
मुलुंड येथील एक रहिवासी